पोचलो, बाई!

कुत्रं गेलं त्या संध्याकाळपासून वस्तीच्या पोरांचं अभ्यास केंद्र ओस पडलं.

मोती नावाचं ते कुत्रं कुणाचंच नव्हतं आणि सगळ्यांचं होतं. केंद्राच्या पायरीवर निजायचं, पोरांच्या डब्यातलं खायचं आणि पोरं प्रार्थनेला डोळे मिटून उभी राहिली की नेमकं तेव्हाच खसाखसा अंग खाजवायला बसायचं. दिवाळी नुकतीच सरली होती. दिवेलागणीला पोरं आत अभ्यासाला बसली होती. बाहेर मोती एकदाच केकाटला आणि मग सगळं गप्प झालं. केंद्र सांभाळणाऱ्या जयवंतानं दार उघडून बघितलं, तर पायरीवर रक्ताचा ओघळ होता आणि समोर सयाजीच्या उसात वाळक्या पाचटाचा आवाज आत आत चालला होता.

जुन्नर-आंबेगावच्या माणसांना बिबट्या नवा नाही. उसाबरोबर तोही इथं वाढला. कुठं दिसला, काय खाऊन गेला, हे माणसं व्याह्याची ख्यालीखुशाली सांगावी तसं एकमेकांना सांगतात. पण पोरांच्या पायरीवर येऊन तो शिकार करतो म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवसापासून आयांनी पोरं घरात कोंडली. माळावर पिंजरा आला, पिंजऱ्यात शेळी बांधली. शेळी रात्रभर ओरडायची आणि बिबट्या लांबूनच वळसा घालून जायचा.

खरं दुखणं होतं वाटेचं. पेठेहून अवसरीकडं जाताना कालव्याच्या खालच्या अंगाला ही वस्ती लागते. बौद्धांची घरं, थोडी ख्रिश्चनांची, थोडी पोटासाठी आलेल्यांची. सगळी दुसऱ्याच्या रानात राबणारी. केंद्र होतं पल्याड माळावर, आणि मधे सयाजीचा ऊस. सयाजीच्या वडलांच्या वेळी त्या रानातून बैलगाडी जाईल एवढी वाट होती. मग ट्रॅक्टर आला, आणि दर नांगरटीला वाट एकेक सरीनं आकसत गेली. आता नुसता बांध उरला होता. दोन्ही बाजूंनी पुरुषभर ऊस, वर पानांची गुंफण, भर दुपारी आत शिरलं तरी काळोख.

तरीही जयवंत रोज संध्याकाळी केंद्र उघडायचा. दिवसभर गवंडीकाम करायचं, हातपाय धुवायचे आणि एका हातातल्या काठीनं दुसऱ्या हातातली थाळी वाजवत उसातून जायचं. बायको द्रौपदा म्हणायची, "पोरं न्हाईत, सोरं न्हाईत. कुणासाठी दार उघडताय?"

"बाई हायेत ना," तो म्हणायचा.

मार्थाबाई साळवे. नगरकडून तरुणपणी आल्या, त्या इथंच राहिल्या. केंद्राच्या मागं एक खोली, एक चूल, भिंतीवर क्रूस आणि त्याच्या शेजारी खिळ्याला टांगलेला कंदील. वस्तीतल्या दोन पिढ्या त्यांनी वाचायला शिकवल्या. कुणी अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेलं, कुणी नर्स झालं, कुणी नुसतंच दारू न पिता संसाराला लागलं. बाईंच्या लेखी तेही पासच. देवाचं सांगायच्या, पण कुणाला ओढलं नाही. जयवंताच्या घरात बुद्धाची तसबीर होती, ती बाईंनीच त्याच्या लग्नात दिलेली. आता त्यांचे गुडघे गेले होते. बाजेवर बसून त्या दाराकडं बघत राहायच्या आणि पानांची जरा सळसळ झाली की विचारायच्या, "जयवंता, भागू आली का रे?"

"न्हाई बाई, वारं हाय."

मग दोघं चहा प्यायचे.

अशातच एके दिवशी पाळकसाहेब आले. केंद्र त्यांच्याच चर्चचं. शमुवेल पाळक, माणूस मऊ. त्यांनी रिकाम्या सतरंज्या बघितल्या, बाईंचे पाय बघितले आणि जयवंताला बाहेर कडुलिंबाखाली घेतलं.

"जयवंत, मुलंच येत नसतील तर केंद्र कुणासाठी चालवायचं? वरिष्ठांना मी काय उत्तर देऊ? नाताळपर्यंत बघू. नाहीतर कुलूप लावू, आणि बाईंना पुण्याला आश्रमात नेऊ. तिथं त्यांचं सगळं होईल."

"बाईंना इचारलं का?"

"त्यांना तू सांग. माझ्या तोंडून निघत नाही."

जयवंताच्याही तोंडून निघेना. घरी परतताना उसाच्या मधोमध तो उभा राहिला. थाळी वाजवायचं भान राहिलं नाही. त्याला जुने दिवस आठवले.

तेव्हा वस्तीला वीज नव्हती. अभ्यास संपला की बाई कंदील घ्यायच्या आणि सगळ्या पोरांना घरोघर पोचवायला निघायच्या. कंदील पुढं, मागं पोरांची रांग. भीती वाटू नये म्हणून बाईंनी एक आरोळी बसवली होती. एक घर आलं की त्या घरचं पोर आत जायचं, दाराला कडी घालायचं. मग बाई बाहेरून विचारायच्या, "पोचलास का रे?" आणि आतून आवाज यायचा, "पोचलो, बाई!" तो आवाज कानावर आल्याशिवाय बाई पाऊल पुढं टाकायच्या नाहीत. मग रांग ओरडायची, "कोण पोचलं? सावळेराम पोचला!" असं करत करत रांग आखूड व्हायची. शेवटचं घर जयवंताचं, ओढ्याकाठी. त्या शेवटच्या तुकड्यात तो आणि बाई दोघंच असायचे. बाई त्याला काय काय सांगायच्या. मासे धरणाऱ्यांच्या गोष्टी, नगरच्या किल्ल्याच्या गोष्टी, त्यांच्या आईच्या हातच्या करंज्यांच्या गोष्टी. शेवटचं घर आपलं आहे याचा त्याला कोण अभिमान वाटायचा. आत जाऊन कडी घातली की तो जीव खाऊन ओरडायचा, "पोचलो, बाई!" आणि फळीच्या फटीतून बघायचा. कंदील हळूहळू लहान होत जायचा आणि उसात शिरून दिसेनासा व्हायचा.

आता पन्नाशीच्या उंबऱ्यावर, त्याच उसात उभा असताना, त्याच्या पहिल्यांदा मनात आलं: आणि बाईंना कोण पोचवायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो सयाजीच्या वाड्यावर गेला. वाडा म्हणजे नवा बंगलाच, पुढं गायांचा गोठा. सयाजी खुर्चीत बसून दाढी करत होता. जयवंताला बसायला कुणी म्हटलं नाही. चहा मात्र आला. सयाजीला स्टीलच्या पेल्यात, जयवंताला कागदी कपात. बंगल्याच्या पायऱ्या जयवंतानंच बांधल्या होत्या, तेव्हाही कप कागदीच असायचा.

"भाऊ, वाटंच्या कडंचा ऊस तेवढा काढायचा व्हता. पोरांना जाया-याया मोकळं दिसलं पायजे."

"तोडणीच्या टोळीचा नंबर लागल्याशिवाय ऊस हालत न्हाई. नंबर हाय संक्रातीच्या पुढं."

"तवर केंद्राला कुलूप लागंल."

सयाजीनं ब्रश फेसात घोळवला. "जयवंता, आज वाट मागताय, उद्या रान मागाल. मला काय कळत न्हाई व्हय?"

जयवंताची कानशिलं तापली. वाट कुणी खाल्ली हे त्याला बोलता आलं असतं. पण तो गवंडी होता. भिंत कुठं ठोकली की सगळीच अंगावर येते ते त्याला ठाऊक होतं. जरा थांबून तो म्हणाला, "वाट मागतच न्हाई मी. तुमी इर्जिक बोलवा. वस्ती येती."

सयाजीचा हात गालावर तसाच राहिला. "इर्जिक? इर्जिक नांगरटीची आसती. बैलं आसणाऱ्यांची. उसाची इर्जिक कुणी ऐकलीय?"

"मंग ही पयली. वाटंच्या दोन्ही अंगाचा पट्टा आमी तोडतो. पेठंचा चिमाजी लागणीसाठी बेणं हुडकतोय, ऊस त्याला जाईल. वाढं तुमच्या गायांना. मजुरी कुणी घ्यायची न्हाई, इर्जिकीचं जेवण तेवढं."

फुकटात पट्टा निघतोय, वर गायांना ओला चारा. सयाजीनं तोंड पुसलं. "शनवारी या," तो म्हणाला. "आन् कडंच्या सऱ्या तुडवू नका."

वस्तीवर मात्र तरणी पोरं उसळली. ऋषी सगळ्यात पुढं. हा बारावी करून गाड्यांच्या गॅरेजात लागलेला, डोकं गरम.

"फुकाट राबायचं? माझ्या आज्यानं वेठ सोडली, अन् आता नातवानं कोयता घेऊन त्याच रानात जायाचं? लई भारी, मामा!"

"वेठ न्हाई, इर्जिक हाय," जयवंत म्हणाला.

"नाव बदललं म्हंजी काय घाम थंड येतो का?"

पोरं हसली. जयवंतही हसला. मग म्हणाला, "ऐक. वेठीला धनी बांधावर हुबा ऱ्हातो. इर्जिकीला धनी वाढतो. आल्यागेल्याला सोताच्या दारात बशिवतो, सोताच्या हातानं वाढतो, आन् सगळ्यात शेवटी जेवतो. माझ्या बापानं उभ्या जल्मात लोकांच्या इर्जिकी बघितल्या, लांबून. आपल्याला कुणी बोलावलं न्हाई. आपल्याकडं बैल न्हवता."

ऋषी म्हणाला, "आन् सयाजीनं न्हाई वाढलं तर?"

"तर इर्जिक पुरी व्हत न्हाई."

बाईंना कळलं तसं त्या म्हणाल्या, "जेवायला मीही येणार."

"बाई, तुमचं गुडघं..."

"जेवायला गुडघे लागत नाहीत, जयवंता."

शनिवारी उजाडताच वस्ती लोटली. आधी पोरांनी डबे बडवले, दिवाळीचे उरलेसुरले फटाके उसात लावले. आत काही असलं तर कालव्याच्या बाजूनं निघून जावं म्हणून तिकडची बाजू मोकळी ठेवली होती. मग बायका पुढं झाल्या. द्रौपदानं दरसाल तोडणी केलेली. तिनं पदर डोक्याला आवळला, बुडात कोयता घातला, वरचं वाढं एका घावात उडवलं आणि कांडं मागं टाकलं. तिच्या मागं बाकीच्या. जयवंताच्या हाताला थापीची सवय, कोयता वळेना. तासाभरातच तळव्याला फोड आला. द्रौपदा त्याच्याकडं बघून म्हणाली, "मिस्तरी, तुमी मोळ्या बांधा."

कुसळानं अंगाची आग होत होती. पानांनी गाल, मान, हात चिरले होते आणि त्यावर घाम झोंबत होता. शाळेतली पोरं मोळ्या ओढत होती. सातवीतली भागू लिमलेटच्या गोळ्या वाटत फिरत होती. पट्ट्याच्या मधोमध आली तशी जयवंताची लेक हर्षाली एकदम थांबली आणि खाली बसली. पाचटात लाल रिबीन पडली होती. दिवाळीला तिनंच ती मोतीच्या गळ्यात बांधली होती. तिनं रिबीन झटकली, मनगटाला गुंडाळली आणि पुन्हा मोळीला हात घातला. ते बघून ऋषीनं अंगातला शर्ट काढून फेकला आणि असा काही कोयता चालवला, की बायकांना त्याच्या मागं पळावं लागलं.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा सयाजीच्या घराकडच्या शेवटच्या सऱ्या तेवढ्या उभ्या होत्या. तेवढ्यात बांधाला टेम्पो लागला. सयाजीचा ड्रायव्हर गोकुळ उतरला. त्याच्या हातात पिशव्या होत्या, कागदात बांधलेले वडापाव आणि पाण्याच्या बाटल्या.

"मालकांनी धाडलंय. खा आन् उरकून घ्या म्हणले."

वड्याचा वास सुटला होता. पोरं सकाळपासून उपाशी. आदेश नावाचा गडी तर नाकानंच जेवायला लागला होता. सगळ्यांनी जयवंताकडं बघितलं.

जयवंतानं हातातली मोळी खाली ठेवली आणि तिच्यावर बसला.

"गोकुळ, मालकाला सांग, इर्जिक जेवायची थांबलीय."

"आवो, हे काय हाय मंग?"

"हे पार्सल हाय."

एकेक करून कोयते खाली पडले. बायका सावली धरून बसल्या. गोकुळ पिशव्या घेऊन तसाच माघारी गेला आणि त्याच्या मागं आदेशची नजर पार टेम्पोपर्यंत गेली.

सयाजी मोटरसायकलवरून आला तो तापलेलाच. "काय लावलंय, जयवंता? एवढ्या सऱ्या ठेवून बसला? अडवणूक करतो व्हय माझी?"

"न्हाई भाऊ. इर्जिक तुमी बोलावली. पंगत धन्याच्या दारात आसती."

"दारात? एवढी माणसं?" सयाजीचा आवाज खाली आला. "आरं, भावकी काय म्हणंल?"

ते वाक्य त्याच्या तोंडून गेलं आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. ऋषी उठून उभा राहिला. जयवंतानं त्याच्या मनगटाला धरून खाली बसवलं. जयवंताच्या मनात आलं, आता हा माणूस चिडून निघून गेला तर या सऱ्या उभ्या राहतील, आणि या सऱ्यांबरोबर सगळंच. पोरं, कंदील, बाईंची खोली. आपण चार घास मानासाठी केंद्र घालवलं असं होईल. तरी तो उठला नाही.

उभ्या उसातून वाढी बाजूला सारत सयाजीची बायको साळुबाई आली. तिनं मोकळ्या पट्ट्यातून पलीकडं बघितलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तिथून माळावरचं केंद्र दिसत होतं, दारापर्यंत.

"बाई हायेत का अजून?" तिनं विचारलं.

"हायेत," द्रौपदा म्हणाली.

"नवी नवरी व्हते तवा दुपारची चोरून जायाची मी, शिलाई शिकाया. पयलं झबलं तिथंच शिवलं. सासूला कळलं आन् मिटलं सगळं." मग ती नवऱ्याकडं वळली. "भात सकाळीच टाकलाय मी. आमटीचं पातेलं उतरून ठेवलंय. तुमी वडापाव धाडणार, हे का मला ठावं न्हवतं? चला, तेवढ्या सऱ्या पाडू द्या त्यांना. आन् तुमी पत्रावळ्या धुवा."

सयाजीनं इकडं तिकडं बघितलं. ऊस, गाडी, आभाळ. कुणीच त्याच्या बाजूनं बोलायला तयार नव्हतं. "पत्रावळ्या कशाला," तो पुटपुटला, "ताटं हायेत की घरात."

राहिलेल्या सऱ्या बघता बघता आडव्या झाल्या.

बाईंना पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आणलं, चौघांनी चार पाय धरून. अंगणात पंगत बसली. स्टीलची ताटं, स्टीलचे पेले. जयवंतानं पेला हातात घेतला, पाणी प्यायला आणि उगाच जरा वेळ तो तसाच धरून ठेवला. सयाजी आमटीची बादली घेऊन आला. पहिल्यांदा त्याचा हात अवघडलेला, पळीतून थेंबभर पडायची.

"सयाजी," बाई म्हणाल्या, "हात आखडू नकोस रे. तुझे वडील सढळ वाढायचे."

पंगतीत खसखस पिकली. सयाजीला हसू आवरेना. त्यानं पळी काठोकाठ भरली. आदेशनं तर किती वेळा भात घेतला ते साळुबाईलाच ठाऊक. बांधावरून भावकीतलं एक म्हातारं, जानकू, टकमका बघत होतं. साळुबाईनं त्यालाही हाक मारली, आणि तेही येऊन बसलं. सगळ्यांचं झाल्यावर सयाजी पंगतीच्या टोकाला ताट घेऊन बसला. ऋषी उठला, बादली घेतली आणि त्याला वाढलं.

निघेपर्यंत दिवस कलला. साळुबाई बाईंच्या खुर्चीजवळ गुडघे टेकून बसली होती, दोघी काहीतरी जुनं बोलत होत्या. भागूची आई द्रौपदाला म्हणाली, "आता पार दारापातूर दिसतंय गं. सोमवारपास्नं धाडते." आणखी दोघीतिघींनी माना हलवल्या. बाईंच्या कानांना अजून काही झालं नव्हतं. त्या म्हणाल्या, "जयवंता, शमुवेलला सांग, नाताळाला ये म्हणावं. पण सतरंज्या कमी पडतील, येताना घेऊन ये."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. जयवंतानं मान खाली घातली.

नवी वाट स्वच्छ पडली होती. दोन्ही बाजूंना खोडकी, वर मोकळं आभाळ. हर्षालीनं पुढं धावत जाऊन खोलीतला कंदील आणला होता. बाईंची खुर्ची मधे, मागं वस्तीची पोरं. कुणी सांगितलं नाही, पण मोठी माणसं आरोळी द्यायला लागली, आपापल्या लहानपणाची. "कोण पोचलं? सावळेराम पोचला!" सावळेराम आता केस पिकलेला बाप्या, तो लाजून हसत होता. पोरांना काही कळेना, पण तीही ओरडायला लागली.

खोलीशी आल्यावर बाई खुर्चीतून उतरल्या. भिंत धरत धरत आत गेल्या. दार लागलं. आतून कडी पडल्याचा आवाज आला.

पोरं जायला वळली. जयवंत वळला नाही. तो दाराशी उभा होता, हातात कंदील. त्यानं घसा साफ केला.

"पोचलात का, बाई?"

सगळी रांग थांबून ऐकत होती. मग आतून, म्हाताऱ्या गळ्यात मावेल तेवढ्या जोरानं, उत्तर आलं.

"पोचले रे!"

जयवंतानं बाहीनं डोळे पुसले आणि कंदील उंच धरला.

"चला," तो पोरांना म्हणाला. "पयलं घर कुणाचं?"